सर बसले की चालतं

“थांबा, बंद करू नका. आधी वाचू या तरी, बिचारा काय म्हणतोय ते.”

बिराजदार सरांचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता घरातला मिक्सर बंद पडला तरी माझ्या कानात तेच वाजतं. संगणकावर चूक झाल्याचा निरोप आला की आमच्याकडच्या बायका पटकन कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारायच्या, जणू काही पाहिलंच नाही. सर हाताला हात न लावता नुसता आपला तळवा मध्ये धरायचे. मग कपाळावरचा चष्मा खाली ओढायचा, खुर्ची जरा पुढं घ्यायची आणि तो निरोप मोठ्यानं वाचायचा. पहिल्या शब्दापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत. एकदा इंग्रजीत, मग मराठीत, आणि अवघड वाटलं तर कानडीत, स्वतःशी. वाचून झालं की म्हणायचे, “बघा, चिडलेला नाही तो. एवढंच म्हणतोय की मला आत जायला कुणी सांगितलेलं नाही. नियमानं वागतोय.”

माणसांबद्दलही ते तसंच बोलायचे. समोरचा टेंपोवाला रोज गल्लीत येऊन भांडायचा, तर सर म्हणायचे, “चिडका नाही हो तो. टेंपो मागं घ्यायची भीती वाटते त्याला. भीती वाटली की ओरडतो.” आणि खरंच, सरांनी मागं उभं राहून हात दाखवायला सुरुवात केल्यावर त्याचं ओरडणं थांबलं की!

आमचं काम काय ते आधी सांगते, म्हणजे सर त्यात कुठं आले ते कळेल. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं डिझाइनचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, घराच्या पुढच्या दोन खोल्या. चादरीवर, टॉवेलवर, भिंतीला लावायच्या वॉल हँगिंगवर तुम्हाला जो मोर दिसतो, जी वेल दिसते, ती मागावर चढण्याआधी कुणीतरी चौकटीचौकटीत भरावी लागते. पूर्वी हे आम्ही आलेखाच्या कागदावर रंगवायचो, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. आता सगळं संगणकावर. आमचे हे गेल्यावर मी ते हातात घेतलं. माऊस धरायचं माझं मीच शिकले, शिकवायला कुणी नव्हतं. सुरुवातीला हात असा थरथरायचा की कमळाची पाकळी कोबीसारखी यायची. पुढं जमलं, आणि मग अजून दोघींना जोडीला घेतलं. एक यल्लव्वा, माझी लांबची नणंद. हात देवाचा, जीभ कात्रीची. दुसरी शबाना, शेजारच्या गल्लीतली. तिला रंग असे दिसतात की आपण बघत राहावं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत आहे. डिझाइन मागावरून उतरेपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. शेजारच्याला नाही, पाहुण्याला नाही, आपल्या खुर्चीला खुर्ची लावून बसणारीलाही नाही. चोरी होते म्हणून म्हणा, नजर लागते म्हणून म्हणा. त्यामुळं मोठ्या संगणकात तिघींची तीन कपाटं होती. म्हणजे फोल्डर हो, पण आम्ही कपाटच म्हणायचो. जिचं तीच उघडणार. माझ्या नावानं आत शिरलं तर शबानाचं कपाट उघडत नाही, आणि यल्लव्वाचं तर तिच्या सावलीलाही उघडणार नाही.

मागच्या खोलीत एक जुना संगणक होता. रोज सगळ्या डिझाइनांची एक प्रत आपोआप तिकडं जावी, मुख्य मशीनला काही झालं तर काम वाचावं, एवढीच माझी इच्छा. बॅकअप म्हणतात त्याला. दुकानातून एक माणूस आला, त्यानं वेळ लावून दिली. आम्ही रात्री मेन स्विच पाडून झोपतो. मागांच्या वस्तीत आगीची धास्ती असते ना. म्हणून वेळ ठरली दुपारची, जेवणानंतरची. पहिल्याच दिवशी पाटी आली, ‘ॲक्सेस डिनाइड’, म्हणजे आत जायला मनाई. तो गडी म्हणाला, “मावशी, सगळ्यांना सगळं उघडं करून टाकतो. फुल कंट्रोल. कटकटच नाही.”

कटकट कशी नाही! आठवड्याच्या आत शबानाच्या हातून माऊस घसरला आणि तिचं अख्खं कपाट यल्लव्वाच्या कपाटात जाऊन पडलं. यल्लव्वा उभी राहिली. “माझ्या घरात हिचा मोर कसा आला गं?” शबाना रडवेली, “मैं कायको डालूंगी, अपनेआपच गया वो!” मी मध्ये. मोर कुणाचा हे ठरवता ठरवता दोघींनी एकमेकींच्या सासरपर्यंत मजल मारली. तेव्हा मागच्या गल्लीतल्या बिराजदार सरांना मी निरोप धाडला. तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी कलबुर्गीला दिलेली. माझी त्यांची ओळख भाजी घेताना नमस्कार करण्याएवढीच.

ते आले ते दारातच थांबले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उन्हाची काळी छत्री, चपला बाहेर काढून एकीला एक चिकटवून ठेवलेल्या. “येऊ का?” म्हणाले. दार सताड उघडं, निरोप मीच धाडलेला, तरी विचारून उभे. मी “या की” म्हणेपर्यंत पाऊल आत नाही. हे त्यांनी कधीच सोडलं नाही. पुढं रोज यायला लागले तरी रोज विचारायचे.

संगणकासमोर बसले, सगळं वाचलं, आणि पहिल्यांदा ते उघडं केलेलं सगळं बंद केलं. म्हणाले, “घरात पाणी भरायला बाई ठेवली म्हणून तिला तिजोरीची किल्ली देतो का आपण? तिला नळाशी जाता आलं की झालं. बॅकअपचं तसंच. त्याला तुमच्या कपाटातलं वाचता आलं पाहिजे, आणि मागच्या खोलीत ठेवता आलं पाहिजे. बदलायचं नाही, खोडायचं नाही.”

आणि मग त्यांनी काय करावं? आम्हा तिघींना एकेकीला विचारलं. खरं तर ते मास्तर, त्यांना सगळं उघडता येत होतं, दोन टिचक्यांत काम झालं असतं. पण नाही. यल्लव्वाच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले. “यल्लव्वा, तुमच्या कपाटातलं फक्त वाचायची परवानगी द्याल का?”

“वाचायची तरी कशाला?” यल्लव्वा मान वर न करता म्हणाली. “वाचलं की नक्कल करता येती की!”

सरांना एवढं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “अगदी बरोबर बोललात. बॅकअप म्हणजे नक्कलच हो. पण ती नक्कल तुमच्याच घरात राहणार, मागच्या खोलीत.”

“आणि तुमी बघणार.”

“मला कुठं काय कळतं त्यातलं? मला मोर आणि कोंबडा सारखाच दिसतो.”

“दिसंलच. मास्तर हाय न्हवं तुमी.” पण दिली परवानगी. शबानाला विचारलं तर ती म्हणाली, “हौ सर, लेव ना. पूछना क्या उसमें?” सर म्हणाले, “पूछना तो पडता बेटी.” त्यांची हिंदी ही अशी. कानडी घरात, मराठी शाळेत, उर्दू भाजीबाजारात आणि तेलुगू वस्तीतल्या ओट्यांवर शिकलेली. अक्कलकोटच्या पलीकडं बोरी नदीच्या बाजूला त्यांचं गाव, तिथं म्हणे एका भांडणात तीन भाषा लागायच्या.

तर त्या दुपारी सरांनी संगणकात स्वतःचं एक नाव तयार केलं, आम्ही दिलेली परवानगी त्याला लावली, त्या नावानं आत शिरले, वेळ झाली, आणि पहिल्यांदा आमच्या डिझाइनांची प्रत आपल्या आपण मागच्या खोलीत चालत गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सर नव्हते. वेळ झाली. काहीच नाही. मी माझ्या नावानं शिरून हातानं चालवून बघितलं. माझं कपाट गेलं, शबानाच्या दाराशी अडलं. ‘ॲक्सेस डिनाइड’. मी सरांसारखा चष्मा ओढून, सरांच्या आवाजात तो निरोप दोनदा वाचूनही दाखवला. संगणकाला काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी सरांना बोलावलं. ते बसले, नाव घातलं, आणि चाललं!

“पायगुण हाय सरांचा,” यल्लव्वानं निकाल दिला. “सर बसले की चालतं.”

हसू नका. आमच्याकडं मागावर नवीन ताणा चढवताना कुणाचा हात आधी लागावा हे ठरलेलं असतं. कुणाच्या हातानं सूत तुटत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. मग संगणकाला एखाद्याचा पाय मानवला तर त्यात एवढं काय! मीही मानलं. सरांनी त्यावर मान हलवली, पण ती हो म्हणून का नाही म्हणून ते मला कळलं नाही. कानडी माणसं मान अशी हलवतात की दोन्ही अर्थ निघावेत.

तेव्हापासून दुपारी सरांना बोलावणं जायला लागलं. पुढं पुढं बोलवायचीही गरज राहिली नाही. आमची जेवणं उरकायला आणि छत्री मिटल्याचा आवाज यायला एकच गाठ पडायची. “येऊ का?”

त्या दुपारींचं मी काय सांगू? उन्हाळ्यात पूर्व भागात दुपार होते म्हणजे सगळी वस्ती पाण्यातून बघितल्यासारखी हलायला लागते. रस्ता हलतो, कडुलिंब हलतो, समोरच्या पत्र्यावर झळा नाचतात. मागांचा आवाज तर आमच्या जन्मापासून कानात आहे, तो ऐकूच येत नाही. उलट वीज गेली, माग थांबले, की त्या शांततेनं झोपलेली माणसं दचकून उठतात. आम्ही दाराला ओलं गोणपाट लावलेलं असायचं. त्यातून हिरवट, गार उजेड आत यायचा. शबाना भिंतीला टेकायची, यल्लव्वा फरशीवर पदर अंथरून आडवी व्हायची, मी चटईवर. आणि सर खिडकीपाशी, पडद्याकडं तोंड करून, अर्धा कप चहा घेऊन.

प्रत निघायला लागली की पडद्यावरून एकेका डिझाइनचं नाव सरकत जायचं. सर ती नावं वाचायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पण वाचायचे. हळू, एका सुरात.

“कमळ जुनं. कमळ नवं. कमळ नवं बारीक. मोर डावा. मोर उजवा. बदाम बुट्टी. बदाम बुट्टी नको. बदाम बुट्टी हेच घ्या…”

ही शेवटची नावं यल्लव्वाची. तिनं स्वतःशीच घातलेला वाद तिच्या फायलींच्या नावांतून दिसायचा. सर ती नावंही त्याच गंभीर आवाजात वाचायचे. मग कुठंतरी मध्येच थांबून म्हणायचे, “आमच्या गावी नदीला असं कमळ यायचं नाही. शेवाळ यायचं. पण माझी आई शेवाळाला कमळच म्हणायची.” आणि पुन्हा, “हंस जोडी. हंस एकटा.” आम्ही अर्ध्या झोपेत. आई कुठली, नदी कुठली, हंस कुठला, सगळं एकात एक मिसळून जायचं. कधी तर मला वाटायचं की ती डिझाइनं एकेक उठून, नावानं हाक आली म्हणून, ओळीनं मागच्या खोलीत चाललीत. पुढं मोर, मागं हंस, आणि सगळ्यात शेवटी ते ‘नको’ म्हटलेलं बदाम. डोळा उघडला की चहाचा कप रिकामा असायचा, आणि सर हळूच म्हणत असायचे, “झालं हो अक्का. सगळे पोचले.”

मी त्यांना एकदा म्हटलं होतं, तुमचं नाव आणि तो पासवर्ड मला सांगून ठेवा, म्हणजे तुम्हाला उन्हातून यायला नको. ते खुर्चीत ताठ झाले. “दुसऱ्याच्या नावानं आत शिरायचं नाही अक्का. मग कोण आलं, कोण गेलं, कळणार कसं?” मला ते पटलं. वर्गात मुलांनाही ते असंच सांगत असणार. एकदा तर त्यांनीच सांगितलं होतं की हजेरीला दुसऱ्याच्या नावानं ‘हजर’ म्हणणाऱ्या पोराला त्यांनी वर्षभर त्याच दुसऱ्या नावानं हाक मारली. “शेवटी तो रडकुंडीला आला. सर, माझं नाव परत द्या म्हणाला.” हे सांगताना ते पोरासारखे खुश.

मग सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. मुलगी येऊन कलबुर्गीला घेऊन गेली. तिथं काहीतरी बिघडलं, डोळा सुजला, आणि मुक्काम वाढला. इकडं दुपारी वेळ व्हायची आणि जायची. यल्लव्वा म्हणायची, “सर येतील, मग जाईल की एकदम सगळं.” आम्ही वाट बघत बसलो.

त्या दिवसांत यल्लव्वा एका तळ्यावर काम करत होती. मोठं वॉल हँगिंग, दूरच्या एका पेढीनं मागवलेलं. तळं, काठाला पायऱ्या, पाण्यात त्या पायऱ्यांचं हलतं प्रतिबिंब. हलतं प्रतिबिंब चौकटींत भरायचं म्हणजे काय असतं ते ज्यानं भरलंय त्यालाच माहीत. तिनं आम्हाला दाखवलं नाही, पण ती जेवताना बोटानं ताटात पाण्याच्या रेघा काढायची, त्यावरून कळायचं. आणि एका दुपारी, असह्य उकाड्यात, मोठ्या संगणकातून करकर आवाज आला नि तो बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं डिस्क हातात घेऊन मान हलवली. सर कलबुर्गीला गेले त्याच्या आधीचं सगळं मागच्या खोलीत होतं. नंतरचं काही नव्हतं. तळं नव्हतं.

यल्लव्वानं जेवताना ताटात रेघा काढणं बंद केलं. भांडली असती तर बरं झालं असतं. नवी डिस्क आली, मागच्या खोलीतल्या प्रतीवरून तिघींची कपाटं आणि सरांचं नाव, सगळं पूर्वीसारखं लावून झालं, आणि तिनं कोरा पडदा उघडून पहिली पायरी काढायला घेतली.

सर परत आले ते डोळ्याला हिरवी झापड लावून. “येऊ का?” म्हणाले. आम्ही या म्हटलं. आत येऊन बसले, मी तळ्याचं सांगितलं. मग यल्लव्वाच्या खुर्चीपाशी गेले.

“यल्लव्वा, तुमचं तळं माझ्यामुळं गेलं.”

“तुमी कुटं हितं होता? दवाखान्यात होता न्हवं.”

“म्हणूनच गेलं. मी नसलो की ते चालत नाही, अशी व्यवस्था मीच ठेवली होती. पायगुण कसला डोंबलाचा! ते काम माझ्या नावावर लावलं होतं, आणि मी आत शिरलेला असेन तरच चालू व्हावं असं ठरवलं होतं. मी बसलो की चालायचं. मी गेलो की बंद. हे मला पहिल्या आठवड्यातच माहीत होतं. एका दुपारचं काम होतं नीट करायचं.”

शबानाच्या हातातला माऊस तसाच. मीच विचारलं, “मग केलं का नाही सर?”

सर खिडकीतून बाहेर बघत होते, एका डोळ्यानं. “आमच्या घरी दुपार फार मोठी असते हो अक्का.”

यल्लव्वानं त्यांच्याकडं वर बघितलं. कात्री आता उघडते का मग उघडते, असं मला झालं. ती म्हणाली, “बसा. च्या घ्या. मग करा की नीट.”

सरांनी चहा घेतला नाही, सरळ कामाला लागले. संगणकात एक नवं नाव तयार केलं, माणसाचं नाही, फक्त बॅकअपचं. त्याला लांबलचक पासवर्ड दिला आणि तो पाकिटात घालून माझ्या देवघरात ठेवायला लावला. मग पुन्हा आम्हा तिघींना एकेकीला विचारलं, वाचायची परवानगी या नव्या नावाला द्याल का म्हणून. यल्लव्वानं मान हलवली. काम आता त्या नावावर लावलं, आणि कुणी आत शिरलेलं असो वा नसो, वेळ झाली की चालायचं, असं ठरवलं. त्यांच्या स्वतःच्या नावाला मग तिथं काही काम उरलं नाही. ते त्यांनी काढून टाकलं. काढताना मशीन विचारतं ना, नक्की का म्हणून? तेही मोठ्यानं वाचलं. “नक्की,” म्हणाले, आणि टिचकी मारली.

“आता मी बाहेर जातो,” सर म्हणाले. “मी खोलीत असताना चाललं तर त्याला अर्थ नाही.”

भर उन्हात जाऊन कडुलिंबाखाली उभे राहिले. छत्री आतच राहिली. वेळ झाली. पाटी आली, ‘ॲक्सेस डिनाइड’. शबाना धावत बाहेर गेली. “सर, रूस गया वो!” सर आत आले, वाचलं, हसले. “मागच्या खोलीला दारं दोन आहेत अक्का. एक अंगणाचं, एक घराचं. मी अंगणाचं उघडलं, घराचं राहिलं.” जुन्या संगणकात जाऊन तिथल्या कपाटावरही त्या नव्या नावाला ठेवायची परवानगी दिली. वेळ जरा पुढची लावून पुन्हा बाहेर. पुन्हा अडलं. या वेळी पाटी वेगळी होती, जागाच सापडत नाही म्हणून. सर म्हणाले, “आपण संगणकावर त्या खोलीला नुसत्या एका अक्षरानं ओळखतो. हे नवं माणूस आहे, त्याला आपल्या घरातली टोपणनावं काय माहीत? पूर्ण पत्ता सांगायला हवा.” पूर्ण पत्ता लिहिला. “निधान,” असं स्वतःशी म्हणाले. कानडीत सावकाश म्हणजे निधान. आणि तिसऱ्यांदा बाहेर गेले.

आम्ही तिघी पडद्यापाशी. हात मांडीवर. कुणी कशाला शिवलं नाही. आणि नाव सरकलं. कमळ जुनं. कमळ नवं. तिघींची कपाटं एकामागून एक उघडली, वाचली गेली, मिटली. यल्लव्वाची पहिली पायरी गेली, तिच्या नव्या तळ्याची.

मी खिडकीतून ओरडले, “चाललं हो सर!”

“मी नसताना?”

“तुम्ही नसताना!”

ते झाडाखालीच उभे राहिले. पानांच्या सावल्या शर्टावर हलत होत्या. त्यांनी हात वर केला, शाबास म्हणतात तसा, पण तो कुणासाठी ते कळलं नाही. शबानानं छत्री नेऊन दिली. ती उघडून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपोआप चाललं. तिसऱ्या दिवशीही. आमची जेवणं झाली की आम्ही आडव्या व्हायचो आणि झोप यायची नाही. शबाना मध्येच उठून दाराबाहेर डोकावून यायची. मी म्हणायचे, बोलवावं का? पण काय म्हणून बोलवायचं? काम तर होतंच होतं. सरांनाही तोच प्रश्न पडला असणार. भाजी घेताना भेटले, विचारलं, “चालतंय ना?” मी म्हटलं, “चालतंय.” “मग छान,” म्हणाले, आणि बराच वेळ एकच वांगं हातात फिरवत राहिले.

आणि मग एका दुपारी यल्लव्वा तळ्याचं काम तसंच टाकून उठली. पदर डोक्यावर घेतला, चपला अडकवल्या. मी विचारलं, “कुठं?” ती गोणपाट बाजूला सारून बाहेर पडली. खिडकीतून मला मागच्या गल्लीचं तोंड आणि तिथलं सरांचं दार दिसतं. तिनं सरांच्या दाराची कडी वाजवली. सर बाहेर आले. त्यांचं बोलणं मला वस्तीच्या आवाजातूनही ऐकू आलं, कारण यल्लव्वा कुजबुजली तरी मागावरच्या माणसाला ऐकू जावं असं कुजबुजते.

“काय झालं? अडकलं का?”

“न्हाई.”

“मग काम काय?”

“काम काय न्हाई. दुपार हाय. चला.”

त्यानंतर सर येत राहिले. पुढच्या वर्षी मुलीनं त्यांना कायमचं कलबुर्गीला नेलं, आणि तिथंच एका पहाटे ते गेले. बातमी आली तेव्हा यल्लव्वाचं तळं कुठल्याशा दिवाणखान्यात भिंतीवर लागून जुनं झालं असेल.

पण मला सर आठवतात ते त्या येत राहण्याच्या दिवसांतले. गोणपाटातून आलेला हिरवा उजेड, फरशीवर मधोमध भाजलेल्या शेंगांचा ढीग, आणि भोवती आम्ही चौघं. सर खुर्चीवर नाहीत, खाली बसलेत, मांडी घालून, पडद्याकडं पाठ करून. शेंगा फोडताना टरफलं कुठं टाकावीत यावरून यल्लव्वा त्यांना रागावतेय, आणि ते शबानाला कलबुर्गीची तूरडाळ किती वेळात शिजते ते सांगतायत. तेवढ्यात मशीननं वेळ झाल्याचा आवाज केला. आम्हा तिघींच्या माना सवयीनं वळल्या. सरांची वळली नाही. त्यांनी ढिगातली एक शेंग उचलली, कानाशी नेऊन हलवली, आतला दाणा वाजतो का ते ऐकलं, आणि यल्लव्वापुढं धरली.

“ही घ्या,” म्हणाले, “हिच्यात तीन आहेत.”